पाणी, पाणावणे आणि वॉटर





सहामाही परीक्षेचे पेपर तपासून झाले की सातवी-आठवीच्या इंग्रजीच्या काही उत्तरपत्रिका आम्ही मागवून घेतो. गुण पाहण्यासाठी नव्हे, मुले वाक्य कसे जुळवितात ते पाहण्यासाठी. यंदा ‘माळी झाडांना पाणी घालतो’ या वाक्याचे इंग्रजी करावयाचे होते. बहुतेकांनी लिहिले, ‘द गार्डनर गिव्ज वॉटर टू द प्लांट्स’. वाक्य चूक नाही, त्याला गुणही मिळाले. पण इंग्रजी ज्याची घरची भाषा आहे तो असे क्वचितच बोलेल. तो म्हणेल, ‘द गार्डनर वॉटर्स द प्लांट्स’. एका मुलीने नेमके हेच लिहिले होते आणि बाजूला पेन्सिलीने बारीकसे प्रश्नचिन्हही काढले होते.

तिची शंका अगदी रास्त आहे. वॉटर म्हणजे पाणी. ते नाम, हे आपण पहिलीपासून घोकतो. मग त्याला एस लागून ते एकाएकी क्रियापद कसे झाले? आपण ‘माळी झाडांना पाणतो’ असे म्हणतो का?

इंग्रजीत मात्र हे सर्रास चालते. डोक्यापासून सुरुवात करा. ‘हेड’ म्हणजे डोके आणि एखाद्या संस्थेचे प्रमुख असणे म्हणजेही ‘टू हेड’. ‘आय’ म्हणजे डोळा आणि एखाद्या वस्तूवर नजर ठेवणे म्हणजेही ‘टू आय’. ‘फेस’ म्हणजे चेहरा, तसेच संकटाला तोंड देणे. ‘शोल्डर’ म्हणजे खांदा, तसेच जबाबदारी उचलणे. ‘एल्बो’ म्हणजे कोपर आणि गर्दीत कोपराने ढकलणे. आपल्या कॅन्टीनसमोर मधल्या सुट्टीत जे चालते ते. पायापर्यंत आलो की ‘फूट’. ‘टू फूट द बिल’ म्हणजे खर्चाचा भार उचलणे, आणि या क्रियापदाचा अर्थ आमच्या विश्वस्त मंडळींना वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

हे असे का झाले, याचे उत्तर इंग्रजीच्या इतिहासात आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामाला आणि क्रियापदाला वेगवेगळे प्रत्यय लागत असत, पुष्कळसे आपल्यासारखेच. पाण्याला ‘वॅटर’ म्हणत आणि पाणी देण्याला ‘वॅटरियन’. शब्द ऐकताच तो नाम की क्रियापद हे कळत असे. पुढे हे शेवट हळूहळू झिजत गेले. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले त्याच्या आधीपासूनच ही झीज सुरू होती, नंतर तिला वेग आला आणि पुढच्या तीन-चारशे वर्षांत बहुतेक प्रत्यय नाहीसे झाले. ‘वॅटरियन’चे शेपूट गळून पडले आणि नाम व क्रियापद दोन्ही ‘वॉटर’ होऊन बसले. एकदा ही वाट पडल्यावर लोकांनी नवेनवे शब्द तिच्यावरून चालविले. ज्या शब्दाला मुळात कधी क्रियापदाचा प्रत्यय नव्हताच, तोही बिनदिक्कत क्रियापद होऊ लागला. ‘गूगल’चेच पाहा. कंपनी निघाली १९९८ साली आणि २००६ साली ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात ते क्रियापद म्हणून दाखलही झाले.

मग वाचणाऱ्याने ओळखायचे कसे? जागेवरून. इंग्रजीत शब्दाची जागा हीच त्याची ओळख. आधी ‘द’, ‘अ’, ‘माय’ असे काही असेल तर बहुधा नाम. आधी ‘आय’, ‘ही’, ‘दे’ असा कर्ता असेल तर बहुधा क्रियापद. म्हणून इंग्रजीत शब्द जागचे हलवता येत नाहीत. मराठीत ‘माळ्याने झाडांना पाणी घातले’ हे वाक्य ‘झाडांना पाणी घातले माळ्याने’ असे म्हटले तरी काही बिघडत नाही, कारण ‘ने’ आणि ‘ना’ आपापले काम सांभाळतात.

काही शब्दांत इंग्रजीने थोडी खूण शिल्लक ठेवली आहे, तीही मुलांनी टिपून ठेवावी. ‘रेकॉर्ड’, ‘परमिट’, ‘ऑब्जेक्ट’ हे शब्द नाम असतील तर जोर पहिल्या अक्षरावर, क्रियापद असतील तर दुसऱ्यावर. ‘यूज’ नाम असताना शेवटी ‘स’ ऐकू येतो, क्रियापद असताना ‘झ’. ‘अॅडव्हाइस’ आणि ‘अॅडव्हाइझ’ यांत तर स्पेलिंगही बदलते, सी चा एस होतो. आपल्याकडे उच्चार एकच करतात, त्यामुळे लिहितानाही घोटाळा होतो.

आता आपल्या घरात पाहू. मराठीत असे होतच नाही, असे कोणी म्हणाले तर ते मानू नये. धाकट्या भावाला ‘तू हा खेळ खेळ’ असे सांगून पाहा. पहिला खेळ नाम, दुसरा क्रियापद, आणि दोघांत कानामात्रेचाही फरक नाही. नाच, मार, झेल, ओळख, समज, शोध, जोड, ओढ, वाढ हे सगळे असेच शब्द आहेत. नुसते ठेवले तर नाम, आज्ञा केली तर क्रियापद. स्वयंपाकघरात गेलात तर ‘लाटणे’ आहे. ते ओट्यावर ठेवलेले असते तेव्हा वस्तू आणि आईच्या हातात फिरते तेव्हा क्रिया. गाणे, खाणे, बोलणे, दुखणे यांचेही तसेच. आजीचे दुखणे वाढले, असे म्हणताना ते नाम आहे आणि पाय दुखणे थांबले, यात क्रियेचे नाव. फरक एवढाच की इंग्रजी बहुतेक कोणत्याही नामाला क्रियापद करू धजते. मराठीत त्यासाठी काही कारागिरी करावी लागते.

या कारागिरीला व्याकरणात ‘नामधातू’ असे नाव आहे. हा शब्द आम्हाला प्रथम भेटला तो हिंदीत. आमचे शिक्षण इथलेच, हिंदी माध्यमातले. मराठी घरी बोलायची आणि व्याकरण हिंदीचे शिकायचे, असा इंदुरातल्या आमच्या पिढीतल्या पुष्कळांचा क्रम होता. पंडित कामताप्रसाद गुरु यांचे ‘हिंदी व्याकरण’ १९२० साली काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने छापले. गुरुजी आपल्याच मध्य प्रदेशातले, सागरचे. त्यांच्या पुस्तकात नामधातू वाचले आणि पुष्कळ वर्षांनी असे लक्षात आले की या हिंदी ग्रंथाने एका मराठी ग्रंथाचे ऋण मान्य केलेले आहे. तो ग्रंथ म्हणजे मोरो केशव दामले यांचे १९११ साली निघालेले ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’. दामले हे कवी केशवसुतांचे धाकटे बंधू. आणि मजा अशी की हे दामले काही वर्षे उज्जैनच्या माधव कॉलेजात शिकवीत होते. इथून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर! मराठीचा एवढा मोठा व्याकरणकार काही वर्षे आपल्या माळव्यात नांदून गेला, आणि पुण्याचे पाहुणे आले की आपल्या ‘काय करून राहिला’वर हसतात. हसू द्यावे.

नामधातूकडे वळू. पाण्यापासून मराठीत क्रियापद झालेले आहे: ‘पाणावणे’. निरोप समारंभात डोळे पाणावतात. इंग्रजीतही डोळे ‘वॉटर’ होतात, पण तीच इंग्रजी त्याच शब्दाने झाडांनाही पाणी घालते. आपण झाडांना पाणी घालतो, गुरांना पाणी दाखवतो, शेताला पाणी देतो आणि पाहुण्यांना पाणी विचारतो. एका पाण्याला चार क्रियापदे, आणि चारांची अदब वेगळी. पाहुण्यांना पाणी ‘घातले’ तर काय होईल याची कल्पना करावी.

मुलांना सर्वांत जास्त गंमत वाटते ती हाताची. इंग्रजीत हाताचे क्रियापद केले की ‘टू हँड’, म्हणजे देणे, हाती सोपविणे. हिंदीत हाथ पासून ‘हथियाना’, म्हणजे बळकावणे. मराठीत हातापासून ‘हाताळणे’, म्हणजे नीट वागविणे, सांभाळून वापरणे. अवयव एकच, एक भाषा त्याने देते, एक घेते आणि एक जपून धरते. यावरून कोणत्या समाजाचा स्वभाव कसा, असे निष्कर्ष कोणी काढू नयेत. हिंदीत बात पासून ‘बतियाना’ हे किती गोड क्रियापद आहे, मराठीला ते साधलेले नाही. आणि लाथेच्या बाबतीत ‘लतियाना’ व ‘लाथाडणे’ यांचे पूर्ण एकमत आहे.

बाहेरून आलेले शब्दही आपण पूर्वी असेच पचविले. खर्च फारसीतून आला, त्याचे ‘खर्चणे’ झाले. बदल आला, त्याचे ‘बदलणे’ झाले, आणि ते आज कुणाला परके वाटत नाही. हिंदीने तर फिल्मचे ‘फिल्माना’ केले. अलीकडे मराठी तरुण मंडळी ‘गुगलून बघ’ असे म्हणतात. काही जणांना ते खटकते, आम्हाला आवडते. त्यात इंग्रजी शब्दाला मराठी घरचे वळण लावण्याची हिंमत आहे. ‘गूगल कर’ यात ती नाही.

आता या ‘कर’कडे येऊ.

इंग्रजी शब्द जेव्हा आपल्याकडे येतो तेव्हा तो नाम आणि क्रियापद अशी दोन्ही सोंगे घेऊन येतो, पण आपण त्याला नामासारखा एका जागी बसवितो आणि शेजारी आपले एखादे क्रियापद उभे करतो. क्रिकेटचेच घ्या. बॅट, बोल, फील्ड, कॅच, रन, ड्राइव्ह, कट, हुक, पुल, स्वीप; या खेळातला जवळजवळ प्रत्येक शब्द इंग्रजीत दोन्ही कामे करतो. होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. कर्नल सी. के. नायडू आणि मुश्ताक अली यांच्या त्या शहरात हे शब्द घरोघरी रुळले नसते तरच नवल. पण आपण म्हणतो ‘ड्राइव्ह मारला’, ‘कट मारला’. आणि मग तो ‘कट’ मैदान सोडून रस्त्यावर आला. आज राजवाड्यापाशी कोणताही ऑटोवाला कोणालाही कट मारतो. कॅचला मात्र आपल्याकडे शब्द आधीच हजर होता, तोही इंग्रजीच्या तोडीचा: झेल आणि झेलणे. मराठी समालोचक बाळ ज. पंडित यांच्या तोंडून असे शब्द ज्यांनी आकाशवाणीवर ऐकले असतील त्यांना ते आठवत असतील.

नामाशेजारी क्रियापद ठेवण्याची ही रीत वाईट आहे, असे मुळीच नाही. फोनचा विचार करा. इंग्रजीत ‘आय फोन्ड हिम’ म्हटले की संपले. आपण फोन करतो, फोन लावतो, तो लागतो किंवा लागत नाही, उचलला जातो, घेतला जातो, कापला जातो, आणि शेवटी ‘ठेवू का?’ असे विचारून ठेवलाही जातो. ‘फोन लावला, पण लागला नाही’ या वाक्याचे इंग्रजी करावयास आम्ही एकदा आठवीच्या वर्गाला सांगितले होते. तास संपला, वाक्य काही मनासारखे जमले नाही. इथे मराठीची बाजू वरचढ आहे आणि तिला कोणाकडून काही उसने घ्यायला नको.

अडचण आहे ती एकट्या ‘करणे’ची. मारणे, लावणे, घालणे, देणे या सर्वांना बाजूला सारून ‘करणे’ सगळीकडे जाऊन बसते आहे. बटाटे पील कर, मॅश कर, मिक्स कर. पोहे सोक कर. कपडे फोल्ड कर. चित्र कलर कर. यातला इंग्रजी शब्द हा आमच्या तक्रारीचा विषय नाही. शब्द येतात आणि यावेत. पण ‘मिक्स कर’ हा एक शब्दप्रयोग किती जणांची जागा घेतो ते मोजून पाहावे. दहीभात कालवायचा असतो, साखर ढवळायची असते, पीठ मळायचे असते, ताक घुसळायचे असते, बेसन फेटायचे असते आणि भेसळीच्या बाबतीत दुधात पाणी मिसळायचे असते. या सहा क्रियांत हाताची हालचाल सहा प्रकारची आहे. ‘मिक्स कर’ म्हटल्यावर हात काय करील ते त्या शब्दातून कळत नाही. पोह्यांचे तर इंदूरकरांना सांगायलाच नको. ते भिजत ठेवायचे नसतात, धुऊन निथळायचे असतात. ज्याला ‘सोक करणे’ एवढेच माहीत, त्याच्या पोह्यांचा लगदा होणार.

तसेच रंगाचे. ‘कलर केले’ म्हटले की चित्र तेवढे पुरे होते. पण रंगणे गेले तर रंगपंचमीच्या गेरीत माणूस रंगून कसा जाणार, आणि मैफल तरी कशी रंगणार?

मागच्या पालकसभेत एका पालकांनी मोकळेपणाने विचारले की, मुलांना पुढे सगळे इंग्रजीतच करायचे आहे तर मराठीच्या दोन तासिका कमी करून इंग्रजी संभाषणाला का देऊ नयेत. विश्वस्त मंडळाच्या बैठकीतही हा विषय निघाला होता. प्रश्न गैर नाही. आपली घरे या शहरात होळकरांच्या काळापासून आहेत. राज्यकारभार मराठीत चालत असे तेव्हा घरात मराठी टिकविण्यासाठी वेगळे काही करावे लागत नव्हते. आज मूल दिवसभर हिंदीत खेळते, इंग्रजीत लिहिते आणि मराठी ऐकते ती जेवणाच्या ताटावर आणि शाळेतल्या या दोन तासिकांत. त्या काढून घेणे सोपे आहे. परत आणणे किती कठीण जाते, ते ज्यांच्या नातवंडांना मराठी समजते पण बोलता येत नाही, अशा आमच्या शाळेच्या आजी-आजोबांनाच विचारावे.

पण केवळ जिव्हाळ्यापोटी आम्ही या तासिका मागत नाही. ज्या मुलांना मराठी क्रियापदे भरपूर येतात, त्यांना ‘गिव्ज वॉटर’ आणि ‘वॉटर्स’ यांतला फरक लवकर कळतो, असा आमचा वर्गातला अनुभव आहे. कारण क्रियेला स्वतःचा शब्द असतो, ही गोष्टच त्यांना ठाऊक असते. ज्याला घरी ‘करणे’ एवढे एकच क्रियापद मिळाले, तो इंग्रजीतही ‘डू’, ‘गिव्ह’ आणि ‘मेक’ यांच्या पलीकडे सहसा जात नाही. तेव्हा मराठीच्या तासिका कापून इंग्रजी सुधारेल, हा हिशेब आम्हाला पटत नाही. तसे आम्ही मंडळाला लेखी कळविले आहे आणि निर्णय वार्षिक बैठकीत व्हावयाचा आहे.

दरम्यान सहावी ते आठवीसाठी आम्ही एक लहानसे काम सुरू केले आहे. आठवड्यातून एकदा मराठीच्या आणि इंग्रजीच्या मॅडम एकाच वर्गात एकत्र तास घेतात. मुलांनी घरातील वडीलधाऱ्यांना, विशेषतः आजीला विचारून, स्वयंपाकघरातली आणि घरकामातली मराठी क्रियापदे वहीत लिहून आणायची. अट एकच: वाक्यात ‘करणे’ येता कामा नये. मग त्या शब्दांना इंग्रजीत एकेक क्रियापद शोधायचे. पाखडणे, निवडणे, सोलणे, कुस्करणे, सारवणे, उसवणे, विसळणे, खंगाळणे असे शब्द पहिल्याच आठवड्यात आले. विसळणे आणि खंगाळणे यांत फरक काय, यावर रामबागेतल्या एका आजीने नातवाच्या वहीत सात ओळींची टीप लिहून पाठविली आहे. ‘उसवणे’ला इंग्रजीत चपखल शब्द सापडला, ‘पाखडणे’लाही सापडला. ‘वैरणे’ला सापडेना. आधणाला उकळी आली की तांदूळ त्यात वैरतात. हळूहळू, हात फिरवत सोडतात. वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांनी हा शब्द पहिल्यांदाच ऐकला. इंग्रजीच्या मॅडमनी दोन कोश पाहिले आणि शेवटी फळ्यावर ‘अॅड’ लिहिले. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, ते तर मिठालासुद्धा म्हणतात.” फळ्यावरचा तो शब्द पुसलेला आहे आणि जागा रिकामी ठेवली आहे. कोणा पालकांना सुचल्यास जरूर कळवावे.

सहावी ‘ब’च्या वह्या अद्याप आलेल्या नाहीत. त्या शनिवारपर्यंत वर्गशिक्षिकेकडे द्याव्यात. ज्यांच्या घरी आजी नसतील त्यांनी शेजारच्या आजीला विचारले तरी चालेल.

आपले,
प्राचार्य